गाजलं खरं, खपलं किती?

संपादकांचा निरोप छोटा होता. यंदाच्या अंकाचा विषय ‘बाजार’, तुम्ही गाण्याच्या बाजूने काय ते बघा. गाणं आणि बाजार म्हटलं की आपल्याकडे लेखाची गाडी आपसूक रॉयल्टीवरून झालेल्या लता-रफी वादाकडे वळते, नाहीतर टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटींकडे. त्या दोन्ही वाटा तुडवून झालेल्या आहेत. मी निराळं गिऱ्हाईक शोधलं. ज्यांना बाजार हवा होता, ज्यांनी तो मिळवण्यासाठी उघडपणे, न लाजता प्रयत्न केले आणि ज्यांच्या वाट्याला कीर्ती आली पण गल्ला आला नाही, अशी मंडळी.

‘रॉक मशीन’ हा बँड १९८४ साली मुंबईत जमला. १९९३ मध्ये त्याने नाव बदललं आणि तो ‘इंडस क्रीड’ झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस. आडनावांची ही यादी वाचली तरी मुंबईचा नकाशा डोळ्यापुढे उभा राहतो. इंग्रजीत, स्वतः रचलेली रॉक गाणी घेऊन हा बँड कॅसेटमध्ये आला, टीव्हीवर आला, परदेशी वाहिनीचं पारितोषिक घेऊन गेला. तरीही ते दशक सरता सरता मंडळी पांगली. उदय आणि जयेश न्यूयॉर्कला गेले.

असं का झालं, हे रसिकांना विचारलं तर ‘आपल्याकडे रॉक कळत नाही हो’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. कळण्या-न कळण्याआधी माल दुकानात पोचावा लागतो, दुकान उघडं असावं लागतं आणि गिऱ्हाइकाच्या खिशातला रुपया कारागिराच्या हातात पडावा लागतो. म्हणून मी सुरुवात दुकानापासून केली.

धोबीतलावचं दुकान

मेट्रो सिनेमाच्या चौकातून महापालिका मार्गाने निघालं की झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन लागतं. उघड्या आभाळाखालचं हे नाट्यगृह राज्य सरकारचं. १९७८ साली सुरू झालेली ‘जॅझ यात्रा’ इथे रंगली. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ चालू केला, तोही इथेच. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, उघड्यावर. आयोजकाच्या हिशेबीपणाबद्दल शंका यावी असा मुहूर्त. पण कॉलेजं नुकती सुरू झालेली, पोरांच्या हातात अजून परीक्षा नाहीत, हे गणित त्यामागे होतं असं जुनी मंडळी सांगतात.

माझ्यासोबत आलेले गृहस्थ त्या काळात ध्वनिव्यवस्था बघायचे. आता निवृत्त आहेत, नाव छापू नका म्हणाले. फाटकाशी उभं राहून त्यांनी मला हवेतच रंगमंच आखून दाखवला. ड्रम्स मधोमध, उजवीकडे बेसचा अँप, डावीकडे गिटारचे, त्यांच्या तोंडाशी तिरके ठेवलेले माइक. अँप थोडे असायचे, म्हणून एकच सामान सगळे बँड वापरत. एका बँडने उतरायचं, दुसऱ्याने वायरी खोचायच्या, आणि मधल्या वेळात प्रेक्षकांनी शिट्ट्या मारायच्या. भोंगे कुठून यायचे, तर गणपतीत ऑर्केस्ट्राला सामान पुरवणाऱ्याकडून. त्याचा माणूस गायकाचा आवाज सगळ्यांच्या वर काढून ठेवायचा, कारण त्याला किशोरकुमारच्या गाण्यांची सवय. मग तालमीतल्या कुणीतरी मागे धावत जाऊन गिटार वर कर म्हणून सांगायचं. ‘अर्धा कार्यक्रम त्या भांडणात जायचा,’ ते म्हणाले, आणि खुशीत हसले.

रंगभवनचा प्रेक्षक तिकीट काढून आला म्हणून मवाळ होत नसे. गाणं पसंत पडलं नाही की हुर्यो. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाला आणि संगीत नाटकाला असल्या प्रेक्षकाने घडवलं, तसंच या पोरांनाही घडवलं असणार. पण एक मैदान आणि वर्षातून काही संध्याकाळी, एवढ्यावर धंदा उभा राहत नाही. मराठी नाटकाला शिवाजी मंदिर ते गडकरी रंगायतन अशी रोजची साखळी होती, दौरे होते, कंत्राटदार होते. रॉक बँडच्या दौऱ्याला कॉलेजांचे महोत्सव तेवढे होते. आयआयटी पवईचा ‘मूड इंडिगो’ किंवा तसेच इतर. ते सगळे डिसेंबर-जानेवारीत एकदम यायचे आणि उरलेलं वर्ष कोरडं जायचं.

पुढे रंगभवनही गेलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटर अंतर शांतता क्षेत्र ठरलं. रंगभवनच्या एका अंगाला झेवियर्स, हाकेवर कामा आणि जी. टी. रुग्णालय. अंमलबजावणी कडक झाल्यावर कार्यक्रम बंद पडले. या नियमाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. कामा रुग्णालयात आपलं माणूस असतं तर मीही पोलिसांना फोन केला असता. पण शहराने एक जागा काढून घेतली तेव्हा बदल्यात दुसरी दिली नाही, एवढं नोंदवायला हवं. मधल्या काळात याच जागेवर मराठी भाषा भवन उभारायचं घाटत होतं. ते चर्नी रोडला गेलं.

उसनी गाणी, स्वतःची गाणी

रॉक मशीनच्या आधीही मुंबईत रॉक वाजत होता. सत्तरच्या सुरुवातीला एका सिगारेटच्या नावाची ‘सिमला बीट’ स्पर्धा चालायची, तिच्या तबकड्याही निघाल्या. पण बहुतेक बँडांची पोटापाण्याची गाणी उसनी असत. हॉटेलात, जिमखान्यात, लग्नात लोकांना रेडिओवर ऐकलेलंच गाणं हवं असे. ते जितकं हुबेहूब तितका बँड चांगला. गिटारही हुबेहूबच. खऱ्या गिब्सनवर आयातशुल्क इतकं, की बहुतेकांची सुरुवात कोलकात्याच्या ‘गिव्हसन’वर व्हायची. तारा तुटल्या की आखातातल्या मामाला पत्र.

अशा वेळी रॉक मशीनने उसनी गाणी सोडून स्वतःची वाजवायचं ठरवलं, हा मला त्यांचा पहिला व्यापारी निर्णय वाटतो. लोक याला कलेची निष्ठा म्हणतात. असेलही. पण उसन्या गाण्याची कॅसेट कोण काढणार? १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा अल्बम सीबीएसने काढला आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला.

आता दुकानातलं फळकूट डोळ्यांसमोर आणा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस घ्या (ते २०१६ साली बंद झालं, पुढे नीरव मोदीच्या कंपनीकडे गेलं आणि मग ईडीच्या कागदपत्रांत). तिथे ‘इंग्लिश’च्या रकान्यात रॉक मशीनची कॅसेट मायकल जॅक्सनच्या आणि गन्स एन रोझेसच्या कॅसेटींशेजारी बसायची. पोराच्या खिशात एका कॅसेटचे पैसे. तो कोणती उचलेल? कंपनीच्या बाजूने बघितलं तर आणखी गंमत. परदेशी अल्बमचं ध्वनिमुद्रण, जाहिरात, व्हिडिओ, सगळं तिकडे झालेलं. इथे फक्त कॅसेट छापायची. देशी बँडसाठी मात्र स्टुडिओचा खर्च इथेच, आणि गिऱ्हाईक तेच मूठभर. हिंदी चित्रपटाच्या कॅसेटी ज्या पानवाल्याकडे, बसस्थानकावर आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात पोचत, तिथे ही कॅसेट पोचण्याचा प्रश्नच नव्हता. वितरक मूर्ख नव्हते, हिशेब पक्का होता.

मला ते पहिले दोन अल्बम आवडतात का? खरं सांगायचं तर तरुणाईचा जोर आवडतो, गाणी अमेरिकेच्या छापातली वाटतात. नावातच बघा ना, रॉक, रोल, रेनेगेड. गिरगावातल्या कुठल्या पोराने कधी स्वतःला ‘रेनेगेड’ म्हटलं असेल?

गच्चीवरच्या थाळ्या

१९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही आला. चाळींच्या आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर केबलवाल्यांच्या थाळ्या उगवल्या, आणि त्यांतल्या एका वाहिनीवर दिवसभर गाणीच गाणी: एमटीव्ही. आशियाभर दिसणाऱ्या या वाहिनीला आशियातले चेहरे हवे होते. तिच्या साच्यात बसेल, इंग्रजीत गाईल, गिटार वाजवेल आणि तरी भारतीय दिसेल असा तयार बँड मुंबईत बसलेलाच होता. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याचा व्हिडिओ लागू लागला आणि आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचं एमटीव्हीचं पारितोषिक त्याला मिळालं. दूरदर्शनच्या एखाद्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात दोन मिनिटं मिळाली तर पेढे वाटणाऱ्या देशात ही केवढी मजल!

याच सुमारास त्यांनी नाव बदललं. रॉक मशीन हे नाव जगातल्या कुठल्याही गावच्या बँडला चालेल असं. इंडस क्रीड म्हणजे सिंधूच्या काठचा पंथ. संगीतातही इथले सूर, इथली वाद्यं मिसळायला लागली. तेव्हा काही जुने चाहते नाराज झाले, ही विक्रीसाठी केलेली मखलाशी आहे म्हणाले. मला उलट वाटतं. दहा वर्षं रॉक वाजवून झाल्यावर आपला माल जगात वेगळा कशामुळे ओळखला जाईल, असा विचार करणं यात लबाडी काय आहे? पैठणीवाला येवल्याचं नाव पुढे करतो तेव्हा आपण त्याला बाजारू म्हणत नाही. आणि १९९५ चा ‘इंडस क्रीड’ हा अल्बम आधीच्या दोघांपेक्षा सरस आहे, यावर मी वाद घालायला तयार आहे. गाणी श्वास घेतात, गायक ओरडायचं थांबून गातो.

पण अल्बम येईपर्यंत दार सरकलं होतं.

१९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टारचं बिनसलं. स्टारने चॅनल व्ही काढला. एमटीव्ही १९९६ मध्ये भारताची स्वतंत्र वाहिनी म्हणून परतली. आता स्पर्धा सुरू झाली आणि दोघांनाही एकच शोध लागला, की या देशात जाहिरातदार हवा असेल तर हिंदीत बोलावं लागतं. आशियाभरासाठी इंग्रजी ठीक होती, कानपूर-नागपूरसाठी नाही. इंडस क्रीडचा अल्बम आला त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं आणि घराघरात वाजलं. पुढच्या वर्षी लकी अलीचा ‘सुनो’, हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे ‘कलोनिअल कझिन्स’. १९९८ मध्ये दिल्लीच्या ‘युफोरिया’ने ‘धूम पिचक धूम’ केलं. रॉक बँडच तो, पण हिंदीत आणि ढोलकीच्या अंगाने जाणारा.

कलोनिअल कझिन्सचं उदाहरण तर जिव्हारी लागणारं. इंग्रजी पॉप आणि भारतीय गायकी यांचं जे मिश्रण इंडस क्रीड एका काठावरून करू बघत होता, तेच हे दोघे दुसऱ्या काठावरून घेऊन आले. हरिहरनचा आवाज लोकांना चित्रपटांतून आणि गझलांतून आधीच पाठ होता. ओळखीचा माणूस अनोळखी गाणं घेऊन आला तर दार उघडतं. उलट झालं की आधी ‘कोण पाहिजे?’ विचारतात.

शिवोलीची स्कूटर

रेमो फर्नांडिसची गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण बाजाराशी एकट्याने पंगा घेणारा असा दुसरा नाही. कंपन्यांनी दाद दिली नाही तेव्हा त्याने गोव्यात, शिवोलीच्या घरी, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून ‘गोअन क्रेझी’ ध्वनिमुद्रित केला. साल १९८४. कॅसेटी स्कूटरवर लादून दुकानादुकानांत स्वतः दिल्या. पुढे सीबीएसनेच त्याला घेतलं. पण देशाने रेमोला ओळखलं ते १९८७ च्या ‘जलवा’ने आणि नंतर ‘बॉम्बे’मधल्या ‘हम्मा हम्मा’ने. एक हिंदी चित्रपट, दुसरा तमिळमधून हिंदीत आलेला. स्कूटरने गोवा जिंकला, देश जिंकायला सिनेमा लागला.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे २००८ चा ‘रॉक ऑन’. मुंबईच्या एका रॉक बँडला कंपनीशी करार करताना कशी तडजोड करावी लागली आणि तो कसा फुटला, अशी ती कथा. गाणी शंकर-एहसान-लॉय यांची, म्हणजे आपल्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटाला संगीत देणारे तेच. चित्रपट चालला, गाणी गाजली, आणि मग फरहान अख्तर ती गाणी घेऊन खरोखरच मैफली करत फिरला. हिंदी रॉकचा बाजारात चाललेला सगळ्यात मोठा बँड कोणता, असं विचारलं तर उत्तर द्यावं लागेल: जो कधी अस्तित्वातच नव्हता तो.

दारूवाल्यांची सीडी

मग बँडना पैसा द्यायचं कोण? तिकिटातून भोंग्यांचं भाडंही निघत नसे. पैसा प्रायोजकाचा, आणि प्रायोजक बहुधा सिगारेटवाला किंवा दारूवाला. ज्यांना टीव्हीवर थेट जाहिरात करता येत नाही त्यांना तरुणांची गर्दी सोन्याच्या भावाची. २००३ च्या कायद्याने तंबाखू कंपन्यांचं प्रायोजकत्व थांबवलं. मद्याच्या कंपन्यांनी सोडा आणि ‘म्युझिक सीडी’ असा मार्ग काढला. टीव्हीवर व्हिस्कीच्या नावाची सीडी वर्षानुवर्षं जाहिरातीत झळकली. मी आजवर एकाही माणसाच्या घरी ती पाहिलेली नाही. या देशात ज्या सीडीची सर्वाधिक जाहिरात झाली ती ऐकायची नव्हतीच, असं म्हणायला हरकत नाही.

खजूर रोडवरचा घरमालक

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. हा बँड १९९० चा. त्यांनी आधीपासून हिंदीत, लोकगीतांतून, संस्कृतातून, अगदी अरामी प्रार्थनेतूनही गाणी उचलली. बेस वाजवणारा आणि गाणारा राहुल राम कॉर्नेलमधून विषशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेला आणि नर्मदा बचाव आंदोलनात राहिलेला. ‘मा रेवा’ हे त्यांचं गाणं त्या खोऱ्यातलं. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या लोकांनी ज्या नदीसाठी मोर्चे काढले, तीच नदी दिल्लीच्या रॉक बँडच्या प्रत्येक कार्यक्रमात वाहत राहिली.

त्यांचा ‘डेझर्ट रेन’ हा अल्बम म्हणजे १ जानेवारी १९९७ ला पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण. स्टुडिओचा खर्च वाचला. २००० मध्ये ‘कंदीसा’ आला आणि नाव झालं. पण घराघरात पोचायला त्यांनाही चित्रपटच लागला. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा, कोर्टात अडकून २००७ मध्ये प्रदर्शित झालेला अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’. त्यातलं पीयूष मिश्रांनी लिहिलेलं ‘बंदे’ आजही त्यांना प्रत्येक मैफलीत म्हणावं लागतं.

मला सगळ्यात धाडसी वाटते ती २०१० ची गोष्ट. त्यांनी करोलबागेतल्या तालमीच्या जुन्या घराचा पत्ताच अल्बमला नाव म्हणून दिला, ‘१६/३३० खजूर रोड’, आणि त्यातली गाणी महिन्याला एक या हिशेबाने फुकट वाटली. कंपनीकडून मिळणाऱ्या रॉयल्टीत असंही काही हाताला लागत नव्हतं. गाणं फुकट पसरलं तर मैफलींची बोलावणी वाढतात. ज्या अल्बममागे इंडस क्रीडची पिढी धावली तो त्यांनी सरळ जाहिरातीचं पत्रक करून टाकला.

ताशी भाड्याची खोली

इंडस क्रीड परत आला. २०१० मध्ये मंडळी पुन्हा जमली, बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी असे तरुण घेतले. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ काढला. त्याचं मिक्सिंग पर्ल जॅमच्या ‘टेन’वर काम केलेल्या टिम पामरने केलं. इतका नेटका अल्बम त्यांनी आधी केला नव्हता, आणि यात बाजाराकडे चोरून बघणं कुठेच नाही. गाणी लांब आहेत, वळणं घेतात, रेडिओच्या साडेतीन मिनिटांत बसायचा प्रयत्नही करत नाहीत. तोवर वाजवायला जागाही झाल्या होत्या. लोअर परळच्या तोडी मिलमध्ये २००७ पासून ‘ब्लू फ्रॉग’ चालू होता, पुण्यात २०१० पासून ‘एनएच सेव्हन वीकएंडर’. पुण्याच्याच ‘अग्नी’ला हिंदी रॉक गाऊन एमटीव्हीच्या ‘रोडीज’चं गाणं मिळालं होतं. ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झाला, हेही सांगून टाकतो.

२०१२ मध्येच कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकाराने चित्रपटाला किंवा कंपनीला हक्क दिले, तरी पुढच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा त्याला सोडून देता येणार नाही, असं त्यात आलं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. रॉक मशीनच्या काळात हे असतं तर? फारसा फरक पडला नसता, कारण वाटा कशातला? पण आज ज्या पोराचं गाणं एखाद्या वेब मालिकेत चाळीस सेकंद वाजतं, त्याला या कलमाचा उपयोग आहे.

अशी पोरं बघायला मी अंधेरीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गेलो. खाली छपाईचं दुकान, वर ताशी भाड्याने मिळणारी जॅमरूम. भिंतींना स्पंज, जमिनीला जाजम, ड्रम सरकू नये म्हणून पुढे ठेवलेली विटेची चळत. किक ड्रमच्या पोटात दुमडलेली उशी. ती काढली की आवाज घुमतो, म्हणून आत येणारा प्रत्येक ड्रमर आधी वाकून उशी चाचपतो. चार जण होते. दोघे नोकरीवाले, एक जिंगल्सच्या स्टुडिओत, एक अजून शिकणारा. पुढच्या आठवड्यात त्यांची कंपनीच्या वार्षिक स्नेहसंमेलनाची सुपारी होती.

यादी फळ्यावर लिहिलेली. वरची सहा गाणी हिंदी चित्रपटांतली, त्यात ‘रॉक ऑन’मधलं एक. मग एक इंग्रजी, साहेबाच्या फर्माइशीचं. सर्वांत खाली त्यांचं स्वतःचं एक मराठी गाणं, शेजारी कंसात ‘वेळ उरला तर’. हे गाणं वर का घेत नाही, असं मी विचारलं. बेस वाजवणारा म्हणाला, ‘सर, लोक जेवायला उठतात ना, तेव्हा आम्ही ते घेतो. तेव्हा कोणी थांबवत नाही.’ मग त्याने तासाभराचे पैसे यूपीआयने भरले, पावती ग्रुपवर टाकली आणि चौघांचा वाटा किती होतो ते सांगितलं. ड्रमरने त्याला आठवण करून दिली की मागच्या वेळचे त्याचे अजून बाकी आहेत.